अर्ध्या वाक्याचे आतोबा

पेणपासून रोह्यापर्यंतच्या रस्त्यावर आजवर जितकी माणसं जन्मली, वाढली आणि कंपनीच्या बसमध्ये पेंगत शिफ्टला गेली, त्यांत स्पॅनिश भाषा शेवटच्या पानाकडून शिकलेला माणूस एकच, आणि तो आमच्या आत्याचा नवरा. ह्या माणसाला स्पॅनिशमध्ये नमस्कार म्हणता येत नव्हता, पाणी मागता येत नव्हतं, स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नव्हतं. मात्र 'मी बोललो असतो तर, तू बोलली असतीस तर, ते बोलले असते तर' हे झोपेतून हलवून उठवलं तरी तो एका दमात म्हणून दाखवायचा, आणि तेही असं ठसक्यात की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्यांचं अर्धं आयुष्य तिकडेच गेलं असणार. हे कसं घडलं ते आतोबांच्या रीतीने सांगायचं तर मला शेवटापासून सुरुवात करावी लागेल. पण शेवट आधी सांगायचा धीर मला होत नाही, म्हणून मी आपला चारचौघांसारखा पहिल्यापासूनच सांगतो.

आतोबा प्रत्येक गोष्ट शेपटाकडून धरतात. वर्तमानपत्र मागच्या पानावरून वाचतात. गोष्ट सांगायला बसले की पहिलंच वाक्य, "तर अशा रीतीनं तो मेला," आणि मग तो का, कुठे आणि मुळात कोण हे कळायला आपण चहाचे दोन कप रिचवायचे. आत्याला बघायला आले तेव्हा त्यांनी तिला गाता येतं का, शिवता येतं का, काही म्हणजे काही विचारलं नाही. माझ्या आजोबांना एवढंच म्हणाले, "मुलगी रुसली तर माहेरी यायला शेवटची एसटी कितीला?" कांदेपोहे घेऊन बसलेली सगळी बैठक गार पडली. आजोबांनी मात्र मान डोलावली आणि म्हणाले, "पोरगा पुढचा इचार करनारा हाय," आणि मुलगी देऊन टाकली. आत्या सांगते की त्या एसटीत बसायची वेळ तिच्यावर कधी आली नाही, पण तिची वेळ तिला अजून पाठ आहे. गणपतीचंही तेच. सगळं पेण मूर्ती सांगायला हमरापूरला धावत असताना आतोबा विसर्जनाची हातगाडी ठरवत फिरायचे. हातगाडीवाल्याने हो म्हटलं की मगच मूर्ती. "आणाचा कसा ते सगल्यांना म्हाइत असता," ते म्हणायचे, "पोचवाचा कसा ते आदी बघाया पायजे."

मला स्कूटर त्यांनीच शिकवली. म्हणजे काय केलं, तर पहिले काही दिवस तिला किल्लीच लावू दिली नाही. रामवाडीच्या मागच्या उताराला मी स्कूटरवर बसायचो, आतोबा मागून ढकलायचे, आणि मी ब्रेक मारायचा. पुन्हा ढकलायचे, पुन्हा ब्रेक. घामाने सदरा चिकटलाय, चप्पल निसटलीय, आणि हे आपले ओरडतायत, "थांब! थांब! शाबास!" येणारेजाणारे थांबून विचारायचे, "काय वो, गाडी बंद पडली का?" त्यावर आतोबा अभिमानाने उत्तर द्यायचे, "नाय नाय, बंदच कराया शिकवतोय." रामवाडीत माझ्याइतकी सुरेख स्कूटर कुणी थांबवत नाही हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. चालवण्याबद्दल मात्र मी काही बोलत नाही.

ह्या सवयीचं मूळ रोह्याच्या कंपनीत आहे. आतोबांचे वडील धरमतरच्या खाडीकडे मिठागरात राबायचे. त्या घरातला कंपनीत लागलेला पहिला माणूस म्हणजे आतोबा. रसायनं तयार करणाऱ्या त्या प्लांटवर ते ऑपरेटर झाले तेव्हा त्यांच्या सीनियरने त्यांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली, प्लांट बंद कसा करायचा. कुठला व्हॉल्व्ह आधी, कुठला नंतर, भोंगा झाला तर हात कुठे गेला पाहिजे. चालू कसा करायचा हे त्यांना कितीतरी नंतर कळलं. रसायनाच्या कारखान्यात हे शहाणपणच आहे, आणि ह्या शहाणपणाने आतोबांनी अनेकांचे जीव वाचवले आहेत हे मी त्याच कंपनीच्या स्टोअरमध्ये बसतो म्हणून मला माहीत आहे. फक्त झालं असं, की कंपनीच्या फाटकातून बाहेर पडताना आतोबा हे शहाणपण तिथे ठेवून आले नाहीत. ते त्यांच्याबरोबर बसमध्ये चढलं, पेणला उतरलं, आणि घरच्या कुकरपासून पोरीच्या अभ्यासापर्यंत सगळ्याला लागू झालं.

ती पोरगी म्हणजे मंजू, माझी आतेबहीण, त्यांची एकुलती एक. हुशार निघाली, शिकायला स्पेनला गेली, आणि तिथलाच एक शांत, दाढीवाला मुलगा तिने पसंत केला. आतोबांनी फोनवर जावयाबद्दल एकच चौकशी केली, भांडण झालं तर परत यायचं विमान कुठून सुटतं ही. उत्तर समाधानकारक मिळाल्यावर त्यांनी आशीर्वाद दिला. मग लुसिया झाली. आत्याने तिची लुशी केली. मंजूच्या घरात तिघांनाही कळणारी भाषा एकच, म्हणून लुसिया वाढली ती स्पॅनिशमध्येच. दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. आत्या त्या फोनशी मराठीत इतकं बोलायची की पलीकडच्या पोरीला भाषेची गरजच वाटू नये. तोंडाने चुचकारायची, टाळ्या वाजवायची, तळलेला पोह्याचा पापड पडद्याला चिकटवून दाखवायची. आतोबा मात्र मागे उभे राहून नुसते हसायचे. प्लांटवर ज्याच्या एका हाकेने चार माणसं पळायची, तो माणूस नातीपुढे "हां… हां…" एवढंच म्हणायचा.

एका रविवारी लुसियाने पडद्याच्या अगदी जवळ तोंड आणून आतोबांकडे निरखून बघितलं आणि आईला काहीतरी विचारलं. मंजू हसायला लागली. आतोबा म्हणाले, "काय म्हनते?" मंजू सांगेना. त्यांनी परत विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काही नाही हो बाबा, लहान आहे ती. विचारतेय, आजोबांना बोलता येत नाही का?"

आम्ही सगळे खो खो हसलो. आतोबाही हसले. पण फोन बंद झाल्यावर ते ओट्यावर जाऊन बसले आणि संध्याकाळचा चहा त्यांनी तसाच थंड होऊ दिला. आत्याने हाक मारली तेव्हा म्हणाले, "पोरीला वाटतंय का तिचा आजा मुका हाय." पुढच्या वर्षी मंजू लेकीला घेऊन गणपतीला येणार होती. त्याआधी आपल्याला नातीशी बोलता आलं पाहिजे, तिने आपल्याशी बोललं पाहिजे, ह्या एका गोष्टीने आतोबांना पार झपाटून टाकलं.

मंजूचं जुनं स्पॅनिश शिकण्याचं पुस्तक कपाटात होतं, इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं, चांगलं जाडजूड. ते त्यांनी मांडीवर घेतलं आणि अर्थातच मागून उघडलं. शेवटच्या धड्यात एका साध्यासुध्या, नियमाने चालणाऱ्या क्रियापदाची रूपं दिली होती. क्रियापद होतं बोलण्याचं. पण बोलतो, बोललो, बोलेन असली सोपी रूपं नव्हेत. जे घडलेलं नाही, कदाचित घडणारही नाही, पण मनात घडतंय, ते सांगायची रूपं. आपण 'मी बोललो असतो तर' म्हणतो ना, तसलं काहीतरी. पुस्तकाने त्याला हातभर लांब नाव दिलं होतं. आतोबांनी त्याचं नाव ठेवलं 'जरचा धडा'. बोलण्याचंच क्रियापद समोर आल्यामुळे त्यांना तो शुभशकुन वाटला.

आणि मग सुरू झालं! आब्लारा, आब्लारास, आब्लारा, आब्लारामोस, आब्लाराइस, आब्लारान. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. आतोबा दाढी करताना आब्लारा, चपला शोधताना आब्लारास, आत्याने भाजीची पिशवी हातात दिली तर आब्लारामोस. सकाळी बसमध्ये खिडकीशी बसून ते पुटपुटायला लागले तेव्हा लोकांना वाटलं कुठलं तरी स्तोत्र असणार, म्हणून दोघातिघांनी भक्तिभावाने हातही जोडले. खरं काय ते कळल्यावर सगळी बस चेकाळली. आठवड्याभरात अशी गत झाली की वडखळ सोडलं की मागच्या बाकावरून कुणीतरी "आब्लारा" म्हणून सुरुवात करायचं आणि सगळी फर्स्ट शिफ्ट पाढ्यांसारखी पुढची रूपं म्हणायची. नागोठण्याच्या वळणावर 'आब्लारामोस' यायलाच पाहिजे असा दंडक पडला. नाही आलं तर ड्रायव्हर गाडी हळू करायचा. 'तू'चं रूप आलं की आमच्या लॅबमधले एक गृहस्थ हटकून सांगायचे की ही आपली शाळेतली चतुर्थी विभक्तीच आहे, रामास, घरास, आब्लारास. आतोबांना मात्र त्यात दुसरंच काही दिसायचं. मला कोपराने ढोसून म्हणायचे, "भाच्या, बघ, 'मी बोललो असतो' न 'तो बोलला असता', दोगांना शब्द एकच. जे घडलाच नाय त्यात काय मी न काय तो!"

बोलण्याचं क्रियापद घोटून झाल्यावर त्यांनी त्याच साच्यात गाण्याचं घातलं, मग खाण्याचं, मग राहण्याचं. नियमाने चालणारी क्रियापदं त्यांना फार आवडली. अनियमित आलं की ते "हा कामावर दांड्या मारनारा दिसतो" म्हणून पान उलटायचे. पण पान उलटायचे म्हणजे मागे सरकायचे, आणि ते सरकणं इतकं सावकाश होतं की गणपती जवळ आले तरी आतोबा पुस्तकाच्या शेपटातच होते. एकदा मी पुस्तक चाळलं तेव्हा घोटाळा लक्षात आला. जर-तरच्या वाक्यातला 'जर'चा अर्धा भाग शेवटच्या धड्यात होता. 'तर'चा अर्धा भाग त्याच्या कितीतरी आधीच्या धड्यात होता, आणि तिथवर आतोबा पोचलेच नव्हते.

"आतोबा," मी म्हटलं, "तुम्हांला 'तू बोलली असतीस तर' एवढंच येतंय. तर काय? पुढचं वाक्य कुठाय?"

"आदी जर, मंग तर."

"अहो पण मुलगी चार दिवसांवर आली! निदान पहिला धडा करा. कशी आहेस, नाव काय, ये बस, एवढं तरी."

"पहिला धडा सगल्यांनाच येतो," आतोबा शांतपणे म्हणाले. आत्या आतून कडाडली, "अवो, पोरीला भूक लागली तर तिला काय इचारनार? तू जेवली असतीस तर? अन् ती बिचारी असती-नसती करत उपाशी बसंल!" ह्यावर आतोबांनी पुस्तक बंद केलं आणि 'जेवली असतीस तर'चं रूप मोठ्याने म्हणून दाखवलं. आत्याने पापडांचं सूप उचललं आणि अंगणात निघून गेली.

त्या वर्षी गणपती लवकर आले होते, लुसियाची तिकडची शाळा उघडायच्या आत. जावयाला सुट्टी मिळाली नाही, दोघी मायलेकीच आल्या. गाडी रामवाडीत शिरली तेव्हा अर्धी बस, म्हणजे बसमधली अर्धी माणसं, आमच्या गल्लीत उभी होती. आपण शिकवलेला विद्यार्थी परीक्षेला बसतोय अशा तोऱ्यात ती मंडळी आली होती. आतोबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. गाडीचं दार उघडलं, आधी मंजू उतरली, मग तिच्या मागून कुरळ्या केसांची, झोपेने डोळे सुजलेली एवढीशी लुसिया. आतोबा पुढे झाले. वाकले. तोंड उघडलं. आणि एका वर्षाची सगळी वाफ एकदम सुटावी तसं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं, "आब्लारा-आब्लारास-आब्लारा-आब्लारामोस-आब्लाराइस-आब्लारान!" मागून फर्स्ट शिफ्टने टाळ्यांचा कडकडाट केला.

लुसियाने भोकाड पसरलं. आईच्या कुर्त्यात तोंड खुपसलं ते संध्याकाळपर्यंत बाहेर काढलं नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पोरगी आतोबा खोलीत आले की खोलीतून जायची. आत्याच्या हातून पापड घ्यायची, शेजारच्या मांजरीशी तासन् तास गप्पा मारायची, पण आजोबा दिसले की गप्प. मंजू समजूत घालायची, "बाबा, नवीन जागा आहे, रुळेल." आतोबा मान हलवायचे. त्यांनी पुस्तक कपाटात ठेवून दिलं. बसमध्ये वडखळ आलं, गेलं, कुणी आवाज काढला नाही. नागोठण्याच्या वळणावर ड्रायव्हरने सवयीने गाडी हळू केली आणि मग खजील होऊन पुन्हा वेग धरला. मला तर ती बस तशीच पुढे नेणं हा सगळ्यांवर अन्याय वाटायला लागला. आतोबा एकदाच बोलले. म्हणाले, "चुकलाच माझा. मुका व्हतो तेच बरा व्हता. आता तिला वाटत असंल, आजा येडा हाय."

चतुर्थीच्या दोन दिवस आधी मूर्ती बघायला हमरापूरला जायचं होतं. मंजूने लुसियाला घेतलं, मी गाडी काढली, आतोबा पुढे माझ्याशेजारी मुकाट बसले. हमरापूरला घराघरांत कारखाने. आमची मूर्ती ज्या कारखान्यात असते तिथे डोळ्यांची आखणी एक म्हातारी काकी करते. तिचं आणि आतोबांचं जुनं भांडण आहे. आतोबा दर वर्षी तिला सांगणार, "डोले आदी काड गो काकी, कठीण काम पहिला कराचा, मंग बाकीचा रंग." आणि काकी दर वर्षी त्यांना उडवून लावणार, "डोले काडले का देव बघाया लागतो. बघत्या देवाच्या अंगाला रंग कसा लावू मी? हात चालल का माझा?" जगात आतोबांचा नियम जिथे चालला नाही अशी ती एकच जागा. त्या दिवशी ते काकीशी भांडलेही नाहीत. काकीने दोनदा त्यांच्याकडे बघितलं आणि मला खुणेने विचारलं, काय झालं म्हणून.

आत फळ्यांवर ओळीने गणपतीच गणपती. गुलाबी अंगं, पिवळी पितांबरं, सोंडांवर चमचम, आणि डोळ्यांच्या जागी नुसता कोरा रंग. इतके सगळे चेहरे आणि एकही बघत नाही. लुसिया दारातच थबकली. आतोबा तिच्यापासून दोन हात लांब, पाठीमागे हात बांधून उभे. ते त्या ओळींकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग अगदी हळू, कुणाला ऐकवायला नव्हे, पाठांतर म्हणूनही नव्हे, स्वतःशीच म्हणाले, "सी आब्लारान…" हे बोलले असते तर.

लुसियाने मान वळवली.

ती वाट बघत होती. अर्धं वाक्य ऐकून राहवत नाही हो लहान मुलाला, कुठल्याही देशातलं असो. आतोबांच्या लक्षात आलं की ती आपल्याकडे बघतेय. त्यांनी घाईने पुढचा अर्धा भाग शोधला. तो त्यांच्याकडे नव्हताच. ओठ हलले, हात हलले, कपाळावर घाम आला, आणि अखेर जे तोंडात होतं तेच बाहेर आलं, "तर… तर काय बरा झाला असता!"

लुसियाने कपाळाला आठ्या घातल्या. हे उत्तर तिला पटलेलं दिसलं नाही. तिने मूर्तींकडे बघितलं, थोडा विचार केला, आईचा कुर्ता सोडला, पुढे येऊन आतोबांच्या सदऱ्याचं टोक ओढलं आणि त्यांना एक लांबलचक, खणखणीत वाक्य ऐकवलं. मंजूने तोंडावर हात धरला.

"काय म्हनली? काय म्हनली गो? सांग ना लवकर!" आतोबा, काकी आणि मी एकदमच ओरडलो.

"ती म्हणतेय," मंजूला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, "ते बोलले असते, तर म्हणाले असते, आमचे डोळे कुठे ठेवलेत?"

कारखान्यात असा हशा पिकला की काकीच्या हातातला कुंचला खाली पडला. काकी म्हणाली, "सांग तिला, उद्याच्याला ये, तुज्यासमोर काडते!" आणि आतोबा? आतोबा मटकन् तिथल्या मातीच्या पोत्यावर बसले. लुसिया त्यांच्या गुडघ्याशी उभी राहिली आणि बोट नाचवत म्हणाली, "ओत्रा!" म्हणजे काय ते मंजूला सांगावं लागलंच नाही. आणखी एक! आतोबांनी आणखी एक दिलं. मग आणखी एक. मी गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभा होतो आणि मला कुणाला तरी कडकडून मिठी मारावीशी वाटत होती. शेवटी मी आमच्या बसच्या ड्रायव्हरला फोन करून बातमी दिली.

त्यापुढचे दिवस काय सांगू! आतोबांकडे स्पॅनिश नावं नव्हती, म्हणून जिभेवर क्रियापद आणि नावाच्या जागी बोट. रस्त्यात म्हैस दिसली की तिच्याकडे बोट दाखवून 'ही गायली असती तर'. आधी स्वतःच मराठीत पुस्ती जोडायची, "तर काय बरा झाला असता!" मग लुसियाचं उत्तर, आणि मंजूचं भाषांतर: सगळ्या पेणला खिडक्या लावून घ्याव्या लागल्या असत्या. अंगणातल्या पापडांकडे बघून 'आपण खाल्ले असते तर', "तर काय बरा झाला असता!" लुसिया म्हणाली, आजी ओरडली असती. दोघांनी ओले पापड खाल्ले आणि आजी खरंच ओरडली. 'जर' आजोबांचा, 'तर' नातीचा, असा धंदा सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायचा. फर्स्ट शिफ्टची मंडळी सुट्टीच्या दिवशी येऊन ओट्यावर बसायची आणि आपापले 'जर' आतोबांपुढे सरकवायची. चतुर्थीच्या आदल्या दिवशी काकीने शब्द पाळला. लुसियाला समोर बसवून आमच्या मूर्तीचे डोळे आखले. दुसरा डोळा पुरा झाला तेव्हा लुसिया दचकून आतोबांच्या मांडीवर चढून बसली.

गणपतीच्या विसर्जनाला सगळे तयार झालो, आरती झाली, मूर्ती हलवली, आणि आत्याने विचारलं, "हातगाडी कुठं हाय?" आतोबांनी कपाळावर हात मारला. हातगाडी ठरवायचीच राहिली होती! ज्या माणसाने जन्मभर आधी हातगाडी आणि मग गणपती केला, त्याला ह्या वर्षी हातगाडीची आठवणच झाली नव्हती. शेजाऱ्यांनी चेष्टा केली, आम्ही पाळीपाळीने मूर्ती डोक्यावर घेतली. मला त्या दिवशी गंमत वाटली. पण मायलेकी परत जायच्या सकाळी कळलं की विमानतळाची गाडीही कुणी सांगितलेली नाही, तेव्हा मला गंमत वाटली नाही. परतीची गाडी आधी ठरवल्याशिवाय आतोबांनी कधी कुणाला घरी बोलावलं नव्हतं. मी धावपळ करून कुठून तरी एक मिळवली.

दुपारी गाडी दारात आली. सामान चढलं. आत्याने डब्यांवर डबे बांधून दिले आणि पदराने डोळे पुसत मंजूला उगाचच रागावली. लुसियाने सगळ्यांच्या गालांना गाल लावले. शेवटी आतोबांपुढे आली. आतोबा वाकले, तोंड उघडलं, आणि तसेच राहिले. निरोपाचा शब्द त्यांच्याकडे नव्हता. तो पुस्तकाच्या पहिल्या पानावर, 'नमस्कार'च्या खालीच छापलेला होता, आणि पहिल्या पानाचं तोंड त्यांनी बघितलं नव्हतं असं मी समजून चाललो होतो. मी तो त्यांच्या कानात सांगायला पुढे झालो, तेवढ्यात ते म्हणाले, "सी ते केदारास…"

तू राहिली असतीस तर.

एरवी लुसियाचं उत्तर तयार असायचं, काहीतरी वात्रट. ह्या वेळी ती आजोबांच्या पुस्तीची वाट बघत राहिली. नेहमीची ती मराठी पुस्ती आलीच नाही. मग लुसियाने त्यांच्या खरबरीत गालावर हात ठेवला आणि अगदी स्पष्ट, पेणच्या कुठल्याही पोरीने म्हणावं तसं म्हणाली, "तर काय बरा झाला असता."

मंजूने तिच्याकडे चमकून बघितलं. ते मराठी वाक्य तिने लेकीला शिकवलं नव्हतं.

गाडी हायवेला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत आतोबा उभे होते आणि त्यानंतरही उभे होते.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे बसमध्ये माझ्याशेजारी बसले. वडखळ गेल्यावर मागून कुणीतरी भीतभीत "आब्लारा" म्हटलं. आतोबांनी खिडकीबाहेर बघतच "आब्लारास" म्हटलं, आणि मग बाकीचे सगळे हळू आवाजात मिसळले. नागोठणं मागे पडल्यावर मी म्हटलं, "आतोबा, आता तरी पहिला धडा करा. निरोपाचा शब्द पहिल्याच पानावर आहे."

"म्हाइत हाय," ते म्हणाले. "बघितला व्हता मी."

"मग शिकला का नाहीत?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. तेच टोक, लुसिया ओढायची ते.

"शिकलो असतो," आतोबा म्हणाले, "तर बोलाया लागला असता."